एकाच नाल्याच्या दोन कोनशिला

खाडीकाठची | रवि, १ फेब्रुवारी २०२६, रात्री १०:१४

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

आमची वसाहत नवी मुंबईत, खाडीच्या अंगाला. मागून नाला जातो. भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आला की नाल्याचं पाणी मागे फिरतं आणि तळमजल्यावर शिरतं. गेल्या पावसाळ्यात दोनदा शिरलं. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात, वय ७८. त्यांच्या लाकडी कपाटावर पाण्याची रेघ उमटली आहे आणि खालचं दार फुगून बसलंय, ते आता लागत नाही. खालच्या कप्प्यात त्या काही ठेवतच नाहीत. जूनपासून गादीसुद्धा टेबलावर.

२०१९ ला विधानसभेच्या आधी एक नेते आले होते. मंडप, खुर्च्या, ढोलताशा. नारळ फोडला, कुदळ मारली, काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला बसवली. नाल्याची भिंत वाढवणार आणि खाडीच्या तोंडाशी नवीन फ्लॅप गेट, म्हणजे भरतीचं पाणी आत येऊ न देणारी झडप, बसवणार, असं भाषणात सांगितलं. जाता जाता आजी दारात उभ्या दिसल्या तर थांबले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आई, पुढच्या पावसात तुमच्या घरात थेंब येणार नाही. शब्द देतो." मी शेजारीच उभी होते.

भिंत झाली नाही. गेटही नाही.

गेल्या डिसेंबरात, महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आठवडाभर आधी, त्याच जागी पुन्हा मंडप पडला. नेते तेच, गळ्यातलं उपरणं दुसऱ्या पक्षाचं. काम तेच, नाला तोच. नवी कोनशिला बसवायला जुनी काढावी लागली. कार्यक्रम संपल्यावर मी मागे गेले तर ती जुनी शिला गटारावर पालथी टाकलेली, लोकांना ओलांडायला फरशी म्हणून. वॉचमनदादांच्या मदतीने उलटून पाहिली. अक्षरांच्या खाचांत चिखल गेलेला, तारीख मात्र स्वच्छ वाचता येत होती.

निवडणूक झाली. आजींनी मत त्यांनाच दिलं. मी विचारलं, आजी, का? त्या म्हणाल्या, "अगं, हात धरून सांगितलं होतं त्यांनी."

मला राग पैशाच्या भ्रष्टाचाराचा येतो, पण त्याहून जास्त या गोष्टीचा येतो. एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा हात धरून खोटं बोलताना माणसाला काहीच कसं वाटत नाही? आणि आम्ही दीडशे कुटुंबं दोन्ही वेळा टाळ्या वाजवत खुर्च्यांवर बसलो होतो. एकानेही उठून विचारलं नाही की मागच्या वेळचं काय झालं. मीही नाही. तुमच्याकडे असंच आहे का? काय करता तुम्ही?

ठाणेकर_७६ | रवि, १ फेब्रुवारी, रात्री ११:३०

वाचून वाईट वाटलं. जुन्या शिलेवरून माणसं चालतायत हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

मी नौपाड्यातला, जन्म ठाण्याचाच. आमच्या लहानपणी रामभाऊ म्हाळगी इथले खासदार होते, १९७७ आणि १९८० ला निवडून आले. त्यांची एक पद्धत होती : वर्षभरात काय केलं याचा लेखाजोखा छापून ते मतदारांपुढे ठेवत. कोणी मागितला म्हणून नव्हे, आपण होऊन. आमच्या घरी कोणी त्यांच्या पक्षाचं नव्हतं, आजोबा तर कट्टर समाजवादी, पण म्हाळगींविषयी वाकडा शब्द मी घरात ऐकला नाही. १९८२ ला ते गेले तेव्हा आजोबा दिवसभर गप्प होते.

आता अहवाल म्हणून जे येतं ते गुळगुळीत कागदावरचं फोटोंचं पुस्तक. त्यात झालेलं काम असतं, न झालेलं नसतं. माझ्या मते इथेच फरक पडतो. 'हे माझ्याकडून झालं नाही' हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत एकाही पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मुक्काम_कळवा | सोम, २ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

खाडीकाठची ताई, तुमचा राग पटतो. पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

आमच्या सोसायटीत डिसेंबरात काय झालं सांगतो. कमिटीने तीन इच्छुकांना बोलावलं. एकाने पेव्हर ब्लॉक बसवून देतो म्हटलं, दुसऱ्याने बाहेरून रंग, तिसऱ्याने सीसीटीव्ही. कमिटीने तिघांकडूनही घेतलं. वर ज्याने सगळ्यात जास्त दिलं त्याला 'एकगठ्ठा मतं देतो' असा शब्द दिला, आणि तो पाळायचा कोणाच्याच मनात नव्हता. सेक्रेटरी साहेब अभिमानाने सांगत होते, तिघांनाही कसं गुंडाळलं.

मग त्या माणसाने निवडून आल्यावर आपल्याला नालेसफाईबद्दल खरं का सांगावं? त्याच्या हिशेबात आपला व्यवहार पूर्ण झाला. रंगाचे पैसे त्याने कुठून आणले हे आपण विचारलं नाही, ते तो कुठून वसूल करणार हेही विचारणार नाही.

मी त्या मीटिंगमध्ये विरोध केला. एकटाच होतो. आता लिफ्टमध्ये दोघे-तिघे बोलत नाहीत.

खाडीकाठची | सोम, २ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

@मुक्काम_कळवा, राग कसला? आमच्याकडे गणपतीच्या वर्गणीत मोठा आकडा त्याच नेत्यांचा असतो, दरवर्षी. हे लिहायचं मी टाळलं होतं, तुमच्यामुळे लिहिते. टाळ्या का वाजल्या त्याचं एक कारण तेही आहे.

निवृत्त_अभियंता | सोम, २ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

तीस वर्षं एका स्थानिक संस्थेत बांधकाम खात्यात काढली. या मंडपांच्या मागे काय असतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण लोकांना इथेच चकवलं जातं.

नारळ फुटला म्हणजे काम मंजूर झालं असं सगळ्यांना वाटतं. तसं काही नसतं. कामाचा रस्ता असा : आधी अंदाजपत्रकात एखाद्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली, तरतूद. मग प्रशासकीय मान्यता. मग तांत्रिक मंजुरी, म्हणजे नकाशा, मोजमापं, दर हे बरोबर आहेत असं अभियंत्याने सहीनिशी म्हणणं. मग निविदा. मग ठेकेदाराच्या हातात कार्यादेश. कार्यादेशात काम किती महिन्यांत संपवायचं ते लिहिलेलं असतं आणि उशीर झाला तर दंड काय तेही. त्याच्या आधीचं भूमिपूजन म्हणजे फक्त फोटो.

यातली सगळ्यात फसवी पायरी पहिली आहे. दोन कोटींच्या कामाला अंदाजपत्रकात एक लाख रुपये दाखवतात. त्याला आम्ही टोकन तरतूद म्हणायचो. नेता सभेत म्हणतो, 'बजेटमध्ये घेतलंय.' खोटं नसतं ते. पण एक लाखात दोन कोटींची भिंत उभी राहत नाही, आणि मार्च संपला की तो एक लाखही मागे जातो. पुढच्या वर्षी पुन्हा एक लाख. अशी कामं मी दहा-दहा वर्षं अंदाजपत्रकाच्या पुस्तकात पाहिली आहेत. माणसं निवृत्त होतात, ओळ तशीच राहते.

खाडीकाठची, तुम्ही माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हे पाळा, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. 'काम का झालं नाही' असं विचारू नका. 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. 'प्रत द्या' असं लिहा. २०१९-२० ते २०२५-२६ प्रत्येक वर्षीची तरतूद किती, प्रशासकीय मान्यतेची प्रत, कार्यादेशाची प्रत, आणि दोन्ही कोनशिलांचा व मंडपाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून झाला त्याची प्रत. उत्तराला ३० दिवस.

फ्लॅप गेटबद्दल थोडं अवांतर. नवी मुंबई वसवताना भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं साठून ओहोटीला बाहेर जावं यासाठी धारण तलाव केले. गेट नीट मिटलं नाही किंवा तलावात गाळ साठला तर भिंत कितीही उंच बांधा, पाणी येणारच. तुमच्याकडे भिंतीपेक्षा गेट आणि गाळ हा खरा प्रश्न असावा. भिंत दिसते, गाळ काढलेला दिसत नाही, म्हणून भाषणात भिंत आधी येते.

पहिलंमत | सोम, २ फेब्रुवारी, रात्री ९:१५

काका, खूप उपयोगी. मी वाशीला राहते, जानेवारीत पहिल्यांदाच मत दिलं. मी उमेदवारांची शपथपत्रं वाचून गेले होते. घरी सगळे म्हणाले वेळ वाया घालवतेस.

ती शपथपत्रं आपल्याला वाचायला मिळतात ती २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण जाहीर करा, असं कोर्टाने सांगितलं. त्याआधी मतदाराला हे माहीतच नसायचं. पण त्यात खोटं लिहिलं तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. सहा महिने! आणि काही ठरावीक गुन्हे सोडले तर दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाल्याशिवाय आमदारकी-खासदारकी जात नाही. २०१३ च्या लिली थॉमस निकालाने एवढं झालं की शिक्षा सुनावली की पद लगेच जातं, अपिलाच्या नावाखाली खुर्चीवर बसून राहता येत नाही.

जाहीरनाम्याचं तर त्याहून वाईट. त्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं हा कायद्यातला 'भ्रष्ट आचार' ठरत नाही. कोर्टाची अडचण समजते, कायद्यात तसं लिहिलेलंच नाही. पण माझ्या मनात येतं, दुकानदाराने बिस्किटाच्या पुड्यावर खोटं वजन छापलं तर मी ग्राहक आयोगात जाऊ शकते. मतासाठी तसं दारच नाही.

गावठाण | मंगळ, ३ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

मी भूमिपुत्र. आमच्यासारख्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं आहे. तुम्ही सगळे कागदाचं बोलताय म्हणून लिहितो.

आमच्याकडे कागद भरपूर होते. जमिनी घेतल्याच्या नोटिसा, नोकरी देऊ म्हणून लिहिलेले कागद, मोजणीचे नकाशे. बापाने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते, अजून आहेत. कागदाने काही मिळालं नाही. मिळालं ते १९८४ च्या जानेवारीत जासईला रस्त्यावर उतरल्यावर. १६ आणि १७ तारखेला पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. मग घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं, आणि तेही हातात पडायला पुढची कित्येक वर्षं गेली.

त्या लढ्यात लोक दि. बा. पाटलांच्या मागे गेले. आमदार होते, खासदार होते, शिकलेले वकील होते. पण लोक मागे गेले ते पदामुळे नव्हे. लाठी पडेल तिथे ते पुढे असायचे, हे आमच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझी आई निरक्षर होती. 'दिबा बोलले म्हणजे होईल' असं म्हणायची आणि तिला कोणी कागद दाखवायची गरज पडली नाही.

तेव्हा त्या आजींना भोळ्या समजू नका. हात धरून दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवायची आपली रीतच आहे. रीत खोटी नाही. तिचा वापर करणारा खोटा आहे.

विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून २०२१ ला आम्ही पुन्हा रस्त्यावर होतो. आता सगळेच पक्ष त्यांचं नाव घेतात. आणि गावठाणातली गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करतो हे आश्वासन मी समजायला लागल्यापासून प्रत्येक निवडणुकीत ऐकतो. माझा मुलगा आता मतदार झाला, तोही तेच ऐकतो.

ठाणेकर_७६ | मंगळ, ३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

@गावठाण, दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. म्हाळगी आणि दिबा, राजकारण दोन टोकांचं. पण दोघांचंही बोलणं लोकांना तपासून पाहता यायचं, एकाचं कागदावर, एकाचं रस्त्यावर. मी काल फक्त कागदाचं लिहिलं, ते अपुरं होतं.

घोडबंदरवाली | मंगळ, ३ फेब्रुवारी, दुपारी १:१०

माझा मुद्दा थोडा वेगळा. जाब विचारायचा तर कोणाला?

ठाण्यात महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, नवी मुंबईत तर मे २०२० लाच. तेव्हापासून या जानेवारीपर्यंत दोन्हीकडे प्रशासक. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून बजावलं तेव्हा कुठे हललं. एवढी वर्षं नगरसेवकच नाही. माजी नगरसेवक म्हणायचे, माझ्याकडे अधिकार नाहीत. अधिकारी म्हणायचे, वरून आदेश आले पाहिजेत. दोघेही खरं सांगत होते, खड्डा मात्र तिथेच.

आता निवडून आले तर एका प्रभागात चार-चार. ठाण्यात १३१ जागा ३३ प्रभागांत, नवी मुंबईत १११ जागा २८ प्रभागांत. नवी मुंबईकरांना हे पहिल्यांदाच. आम्हाला २०१७ पासून याचा अनुभव आहे : गायमुखच्या बाजूला पाणी आलं नाही तर एक म्हणतो ते अमुक बघतात, तो म्हणतो मी फक्त अलीकडचा भाग बघतो. चौघांपैकी एकाने काम केलं तर चौघांचे फलक लागतात. एकानेही केलं नाही तर दोष कोणाच्याच पदरात पडत नाही.

२००९ मध्ये आपल्या राज्याने क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात घातली. गावाला ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा, अध्यक्ष नगरसेवक. मी घोडबंदर रोडला पंधरा वर्षं राहते, अशा एकाही सभेची नोटीस मी पाहिलेली नाही. सत्ता कोणाकोणाची येऊन गेली, ही सभा कोणालाच नको होती. मला वाटतं आपण सगळ्यांनी मिळून हीच मागावी.

लोकलची_साडेसात | मंगळ, ३ फेब्रुवारी, रात्री ८:४५

फक्त दोन तारखा लिहिते. दिघा गाव स्टेशन बांधून तयार होतं, आम्ही रोज गाडीतून रिकामा प्लॅटफॉर्म बघत जायचो, ते उघडलं १२ जानेवारी २०२४ ला, मोठ्या कार्यक्रमात. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं, ११ किलोमीटर, पहिली गाडी १७ नोव्हेंबर २०२३ ला सुटली आणि ती मात्र उद्घाटनाची वाट न बघता सुरू केली. म्हणजे कार्यक्रमाशिवाय सुरू करता येतं.

कडेवर मूल घेऊन ऐरोलीला उतरून मागे दिघ्याला चालत जाणाऱ्या बाया मी रोज बघायचे. तयार स्टेशनाचं कुलूप न उघडणं यालाही मी अप्रामाणिकपणाच म्हणेन.

मुक्काम_कळवा | बुध, ४ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

एक राहून गेलं. कोणी म्हणेल नाला, पेव्हर ब्लॉक हे किरकोळ विषय आहेत. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडली आणि ७४ माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. अटक झालेल्यांत बिल्डर होते, पालिकेचे अधिकारी होते, पोलीस होते आणि नगरसेवकही. मी त्या रात्री कळव्याच्या हॉस्पिटलबाहेर रक्त द्यायला उभा होतो. आत एक बाई प्रत्येक स्ट्रेचरवरची चादर उचलून बघत होती. इमारत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मजल्यावर मजला चढत गेली होती.

खाडीकाठची | गुरु, १२ मार्च, रात्री ९:३०

सगळ्यांची माफी, मध्ये काही लिहिलं नाही. निवृत्त_अभियंता काकांनी सांगितलं तसा अर्ज ५ फेब्रुवारीला दिला होता. उत्तर आलं. एक पान आहे.

२०१९-२० : तरतूद एक लाख रुपये, खर्च शून्य. पुढची पाच वर्षं : निरंक. २०२५-२६ : पुन्हा एक लाख, खर्च शून्य. प्रशासकीय मान्यता : 'अभिलेखात आढळून येत नाही.' कार्यादेश : निरंक. कोनशिला व मंडपाचा खर्च : 'या कार्यालयाकडून करण्यात आलेला नाही.'

काका, तुम्ही आकडासुद्धा बरोबर सांगितला होता.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. आधी शांतता, मग दोघे म्हणाले कशाला वाकड्यात शिरायचं, वर्गणी बंद होईल. त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे कधी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले की बंद झाली तर माझे पाचशे जास्त घ्या. मग आणखी सात-आठ जणांनी हात वर केला.

नंतर आजींकडे गेले. त्यांनी मला ते पान दोनदा वाचायला लावलं. 'निरंक म्हणजे गं काय?' म्हणाल्या. मी म्हटलं, काहीच नाही असा अर्थ. 'म्हणजे हात धरला तेव्हाही काही नव्हतं?' मी म्हटलं, नव्हतं आजी. त्या उठल्या, चहा टाकला, दोन कप भरून आणले आणि मग म्हणाल्या, "पुढचा अर्ज माझ्या नावाने घाल. पाणी माझ्या घरात येतं."

निवृत्त_अभियंता | गुरु, १२ मार्च, रात्री १०:०५

आजींना माझा नमस्कार सांगा.

प्रशासकीय मान्यता 'आढळून येत नाही' हे उत्तर अपुरं आहे. दिलीच नाही की फाइल सापडत नाही, हे स्पष्ट व्हायला हवं. पहिलं अपील करा, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. ते तुमच्याच नावाने करावं लागेल, कारण अर्जदार तुम्ही. आजींच्या नावाने नवा अर्ज करा, विषय वेगळा घ्या : नाल्याच्या तोंडाशी असलेल्या फ्लॅप गेटची शेवटची तपासणी कधी झाली त्याच्या अहवालाची प्रत, आणि गेल्या तीन वर्षांत गाळ काढल्याच्या नोंदी मोजमाप पुस्तकातल्या पानांसह. पावसाला अडीच महिने आहेत, गेट दुरुस्त करायला तेवढे पुरतात. दोन्ही नमुने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

घोडबंदरवाली | गुरु, १२ मार्च, रात्री १०:२०

काका, मलाही पाठवा. आमच्याकडे क्षेत्रसभेसाठी अर्ज करतोय, अकरा सोसायट्या तयार झाल्यात.

खाडीकाठची | शुक्र, १३ मार्च, सकाळी ११:१५

व्यनि मिळाला. आजींनी सही केली, चष्मा लावून, पूर्ण नाव लिहिलं. स्टॅम्प लावून आत्ता पोस्टात देऊन आले, पोचपावतीसह. जुनी कोनशिलाही आम्ही गटारावरून उचलली आणि धुऊन नव्या शिलेच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली आहे. दोन्हींवरच्या तारखा येता-जाता वाचता येतात.